गिळलेली पांदण

मी मोटारसायकल चालवते असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्कूटी येते. मग मला सांगावं लागतं, नाही बाप्पा, स्कूटी नाही. उंच चाकांची, दातेरी टायरची, गोट्यांत आणि चिखलात घालायची गाडी. तीही रस्त्यावर नाही, रस्ता संपतो तिथून पुढं. एवढं ऐकून समोरच्याचं तोंड जे उघडं पडतं, त्याची मला अजूनही मजा वाटते. वय सेहेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, घरी नवरा आणि ऐंशीला टेकलेले सासरे. आमचं गाव अचलपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. गावाबाहेर आमचा संत्र्याचा बगीचा आणि बगीच्याच्या पलीकडे बरड.

हा नाद मला हौसेनं लागला नाही. पहिली नेमणूक मिळाली ती शाळा दोन नाल्यांपलीकडे. एसटी फाट्यापर्यंत जायची, पुढची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात ती माती चप्पल तर घेतेच, वरून पाय सोडायचा की नाही याचाही विचार करते. दोन महिने अनवाणी गेले. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याची जुनी गाडी काढली. किती वेळा पडले ते मोजलं नाही, पण पोरं वर्गाच्या खिडकीतून पैजा लावायची, आज मॅडम उभ्या येतात की आडव्या. सात वर्षांनी बदली होऊन डांबरी सडकेवरची शाळा मिळाली. सगळ्यांनी पेढे मागितले, मी वाटलेही, आणि आठच दिवसांत मला करमेनासं झालं.

तेव्हा परतवाड्याचा एक लेथवाला भेटला. गाडीचा वाकलेला ब्रेक सरळ करायला त्याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, रविवारी बरडावर या ना. आमी पाच-सहा जण फिरवतो." मी गेले ती पुढं अकरा वर्षं जात राहिले. अमरावतीहून तिघं यायचे, अकोल्याहून बँकेतला एक जण पहाटे निघून यायचा. बरड म्हणजे सरकारी ई-क्लासची, चराईची जमीन, मुरूम, गोटे आणि कुसळी गवत. ते ओलांडलं की बंद पडलेली गिट्टीची खदान. खरा खेळ खदानीत. तिथले चढ असे की गाडी अर्ध्यावर गेली की मागं पाहायची सोय नाही आणि चार हातांच्या पुढं पाहायची गरज नाही. शाळेचे ऑनलाइन भरायचे तक्ते, मामाजींच्या गोळ्या, केंद्रप्रमुखांचे फोन, डोक्यात काही म्हणजे काही शिरत नाही. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी माझ्या या नादाला 'बह्याडपणा' म्हणत, म्हणजे वेडेपणा. म्हणोत. आठवड्यात तेवढेच तीन तास माझे होते.

गेल्या होळीनंतर बरडाच्या तोंडाशी हिरवा बोर्ड लागला. हा भाग जंगलाभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यात आला आहे, करमणुकीसाठी वाहन चालवण्यास सक्त मनाई, गाडी जप्त होईल. मी बोर्ड दोनदा वाचला आणि हेल्मेट जमिनीवर आपटलं. अकरा वर्षं तिथं गांजा ओढणारे बसले, रात्रीतून मुरूम चोरणारे येऊन गेले, तेव्हा बोर्ड लावायला कोणाला खिळा सापडला नाही, आणि आमच्यासाठी मात्र बरोबर सापडला!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक वनखात्याच्या कार्यालयात. मी एका पोट सुटलेल्या साहेबाशी भांडायची तयारी करून गेले होते. खुर्चीवर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची अधिकारी बाई. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाली, "मॅडम, उद्या सकाळी पायी येता का बरडावर?"

गेले. ती वाकून वाकून चालत होती. एका जागी थांबली आणि बोट दाखवलं. मला खडेच दिसले. मग खड्यांतले चार खडे निराळे दिसायला लागले. टिटवीची अंडी. वरती टिटवी नुसती किंचाळत होती. अंड्यांपासून वीतभर अंतरावरून टायरची खूण गेली होती, आणि त्या खुणेत दर चार हातांवर एक दाता गाळलेला. माझ्या पुढच्या टायरचा एक दाता तुटलेला आहे. मी तिला ते सांगितलं नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं असावं. तिचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला.

"बरड बंद म्हणजे बंद," ती म्हणाली. "पण खदान पट्ट्याच्या बाहेर आहे, महसूलची आहे. तिथं ग्रामपंचायतीनं आणि तहसीलनं परवानगी दिली तर माझी हरकत नाही. फक्त बरडावरून जायचं नाही."

"मग काय उडत जायचं?"

"गावाच्या जुन्या नकाशात खदानीकडे पांदण आहे का बघा. नकाशावरची पांदण अडवायचा मला अधिकार नाही. सापडली तर हळू जा, सरळ जा, आणि दसरा ते होळीच जा."

पांदण म्हणजे दोन बाजूंच्या वावरांमधून जाणारी बैलगाडीची वाट. आमच्याकडे प्रत्येक गावाला अशा आठ-दहा पांदणी होत्या. होत्या म्हणते, कारण त्या जातात कुठं हेही इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पेरणीआधी वखर फिरवताना माणूस आपल्या धुऱ्यापलीकडे, बांधापलीकडे, दोन तास जास्त घेतो. दोन तास म्हणजे काय, वखराच्या दोन ओळी, हातभर जागा. पुढच्या वर्षी आणखी दोन. समोरचाही त्याच्या बाजूनं तेच करतो. कोणी कोणाला बोलत नाही, कारण बोलायला तोंड कोणालाच नसतं. वीस-पंचवीस वर्षांत गाडीवाट पायवाट होते, मग पायवाटेवर तूर उगवते.

खदानीच्या पांदणीबद्दल मी गावात विचारलं. "होती बाप्पा कधीकाळी," एवढंच उत्तर. कुठून होती म्हटलं की लोक आभाळाकडे पाहायचे. अमरावतीचे तिघे म्हणाले, सोडा मॅडम, आपण हायवेनं फिरू, ढाब्यावर चहा पिऊन परत येऊ. मी म्हटलं, चहा मला घरीच मिळतो. ते आले नाहीत परत. अकोल्याचा म्हणाला, रस्ता निघाला की कळवा. उरलो लेथवाला आणि मी. तो म्हणाला, "मॅडम, तुमी पुढं व्हा, मी मांगं हावो." तो खरंच मागं राहिला. भूमी अभिलेख कार्यालयात माझ्या मागच्या बाकावर बसून त्यानं किती दुपारी घालवल्या त्याला गणती नाही.

नकाशा मिळाला. जुनाट, घडीवर फाटलेला, पण त्यात दोन बारीक तुटक रेघा गावापासून निघून थेट खदानीच्या टेकडीपर्यंत गेलेल्या. आता या पांदणीची सरकारी मोजणी करून घ्यायची, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा.

एक मेच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. पोरांना रागावायची सवय असलेली बाई माइकसमोर उभी केली की काय होतं ते त्या दिवशी गावानं पाहिलं. मी म्हटलं, पांदण कोणाच्या बापाची नाही, गावाची आहे. ज्यानं कोणी ती गिळली असेल त्यानं ओकायची! तो पाटील असो, सरपंच असो, नाही तर माझा सख्खा भाऊ असो. टाळ्या पडल्या. मामाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. ते काठीच्या मुठीकडे पाहत होते. मला वाटलं, सून एवढी बोलते म्हणून संकोचले असतील.

सभेनंतर बौद्धपुऱ्यातली एक बाई मला गाठायला आली. तिचं तीन एकर वावर पांदणीच्या पार टोकाला, खदानीच्या अलीकडे. तिच्या वावरात जायला दुसरी वाटच नाही. ती दरसाल माल निघाला की आमच्या घरी यायची, ओट्याखाली उभी राहून मामाजींना विचारायची, बगीच्यातून बैलांची बंडी नेऊ का म्हणून. मामाजी म्हणायचे, "ने ना. झाडाले लागू देऊ नको." मी हे लग्नापासून पाहत आले होते आणि मला त्यात मामाजींचा मोठेपणाच दिसला होता. ती मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या फटफटीपायी का होईना, रस्ता निघू द्या."

मोजणी व्हायला दिवाळी उजाडली. मोजणीदार आला, त्याचं ते तिपाईवरचं यंत्र आलं, मागं अर्धं गाव आलं. लेथवाला चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन. जिथं मोजणीदार सांगेल तिथं पांढरी फक्की टाकत जायचं. पहिल्या दोन वावरांत रेघ तुरीतून गेली, मालकांनी थोडी कुरकुर केली. मी पुढं पुढं चाललेली, नकाशा हातात, मान ताठ. मग मोजणीदार थांबला. त्यानं यंत्रात पाहिलं, नकाशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि फक्कीची रेघ आमच्या तारेच्या कुंपणाखालून आत शिरली.

बांधाच्या बाजूची पहिली अख्खी ओळ. तेवीस झाडं. फळानं वाकलेली, पिवळी व्हायला लागलेली. तेवीसच्या तेवीस पांदणीत उभी होती.

कोणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, ओका आता!"

गाव असं हसलं म्हणता! माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी सरकारी यंत्र बोलावलं होतं, आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ अख्ख्या गावासमोर मोजून निघालं. लेथवाला तेवढा हसला नाही. त्यानं फक्कीची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "टाकू का पुढं?" मी म्हटलं, "टाक."

घरी आल्यावर मामाजी जेवायला बसले होते. मी पाणी ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. ते म्हणाले, "माह्या बापानं सुरू केलं, म्या चालू ठेवलं. गावात कोन नाई कोरत धुरा? एकाचं नाव सांग."

मी मनात एकेक वावर फिरून आले.

"झाडं त म्या लावली ना? जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला या हातानं. तेव्हा तू या घरात नव्हती. आता फटफटी फिरवाले माही झाडं तोडशील?"

मला खूप काही मोठं बोलता आलं असतं. गावाचा रस्ता, लोकांची सोय, कायदा. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "हो मामाजी. फटफटीसाठीच. पण मी शंभर लोकांत बोलले ते आता गिळता येत नाही. तुम्ही दिलेला शब्द कधी फिरवलाय का?"

ते ताटावरून उठले नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. नवऱ्याला मध्ये घालून संसार सुरू झाला. "तिले सांग, भाजीत मीठ नाई." मी शेजारीच उभी. नवरा बिचारा मला सांगायचा, भाजीत मीठ नाही. मी त्याला सांगायची, डॉक्टरांनी कमी सांगितलंय. तोही वैतागला. म्हणाला, "कशाला जीव जाळतेस? सातबारा बाबांच्या नावावर आहे. अपील टाकू, दहा वर्षं कोणी हात लावत नाही."

हे खरं होतं आणि तेच घाण होतं. गावातल्या प्रत्येकानं हेच केलं असतं. दहा वर्षांनी मी छप्पन्न. मी त्याला सांगितलं, तू अपील टाक, मी तहसीलदारासमोर उभी राहून तुझ्या विरुद्ध साक्ष देईन, मग एकाच ताटात जेवू. त्याला माहीत आहे मी असं बोलले की करते. अपील टाकलं नाही, पण मामाजींनी झाडंही सोडली नाहीत. रविवार यायचे नि जायचे. गाडी अंगणात, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मी तिची चेन तेवढी पुसत होते.

मग कापूस वेचायला आला. आम्ही सगळे वाट पाहत होतो की ती बाई येईल, दरसालसारखं ओट्याखाली उभी राहील. ती आली नाही. मामाजी बगीच्यात खाट टाकून राखणीला बसत. त्यांच्यासमोरून, कुंपणाबाहेरून, नाल्याच्या लांबच्या वळशानं ती आणि तिची सून कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन जायच्या. एकदा, दोनदा, दिवसातून चारदा. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. मामाजींना राहवलं नाही. त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "काहून वं, यंदा इचारायले आली नाई? बंडी ने ना इथून."

ती थांबली. गाठोडं डोक्यावर तसंच. म्हणाली, "आता काहून इचारू, पाटील? रस्ता माहाच हाये म्हने."

आवाज चढला नाही, काही नाही. भाव विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं आणि चालती झाली. डब्यातलं अर्धं जेवण तसंच परत आलं. मी त्यांच्यावर दिवाळीपासून चिडले होते, पण त्या दुपारी मला त्यांची दया आली. आणि स्वतःची लाजही वाटली, कारण ती बाई इतकी वर्षं आमच्या ओट्याखाली उभी राहत होती आणि तिथं उभं राहायची तिला गरज का पडते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी जेवताना मामाजी नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, बहार उतरला का त्या लेथवाल्याले मशीन घेऊन बोलाव."

मी शेजारीच उभी होते. नवऱ्यानं मला सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. आनंदानं रडले म्हणावं तर तसंही नव्हतं.

व्यापाऱ्याची माणसं फळ तोडून घेऊन गेली आणि त्याच आठवड्यात लेथवाला झाडं कापायची मशीन घेऊन आला. मामाजी आले. "त्या टोकाकून सुरू करा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "त्या झाडाले डिंक्या लागला हाये, तसंही जानारच होतं." मग खाट फिरवून पाठ करून बसले. मशीनचा आवाज दिवसभर. तेवीस झाडं संध्याकाळपर्यंत आडवी झाली. खोडं जमिनीसपाट कापली, मोठे खुंट उपटले, तरी मुळ्यांचं जाळं काही सगळं निघत नाही. कुंपण आत सरकवलं. आमची झाडं पडलेली पाहिल्यावर समोरच्या वावरवाल्यानंही त्याचा हरभऱ्याचा पट्टा सोडला. न सोडून सांगतो कोणाला?

पंचायतीचा ठराव झाला, तहसीलची परवानगी आली, अधिकारी बाईनं कागदावर तिच्या अटी लिहून दिल्या. दसरा ते होळी, पांदणीत गाडी हळू, बरडावर चाक उतरलं की परवानगी रद्द. मी सही केली. अटी मला जाचक वाटल्या नाहीत असं नाही. पण टिटवीची अंडी मी पाहिली होती, त्यामुळे भांडायचं बळ राहिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी लेथवाला आला, अकोल्याचा आला. त्याआधी सकाळी सकाळी त्या बाईची बंडी तुरीची पोती घेऊन पांदणीनं गावात गेली होती, तिच्या चाकोऱ्या ताज्या होत्या. मी हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली. पांदणीच्या तोंडाशी मामाजी काठी टेकून उभे होते. ते कशाला आले असतील मला कळेना. मी गाडी थांबवली. दिवाळीपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. नवरा तिथं नव्हता, मध्ये घालायला कोणीच नव्हतं.

त्यांनी काठीनं जमीन दाखवली, जिथं ओळ होती तिथं.

"हळू जाजो," ते म्हणाले. "मुळ्या हायेत अजून. गाडी घसरन."

"हो मामाजी," मी म्हटलं. मी पहिला गिअर टाकला, दोन्ही पाय खाली सोडले आणि पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्या बाईसारखी, पाय टेकवत टेकवत, तेवीस झाडांची ती जागा ओलांडली. मागचे दोघंही तसेच आले.